पूजेतला चाकू

चाकू घ्यायचा असं तात्यांनी ठरवलं, तेव्हा झाडाचं मरण आधीच ठरून गेलेलं होतं. घरमालक यादगिरी अण्णा एका संध्याकाळी अंगणात आले आणि खुर्ची दिली तरी उभ्याउभ्याच सांगून गेले. जागा बिल्डरला दिली, इथे फ्लॅट होणार, दसऱ्याच्या आसपास काम लागेल, तुम्ही दुसरं घर बघा. वाईट तोंडाने नाही सांगितलं त्यांनी. आईने दिलेला चहा बशीत ओतून प्याले, माझ्या अभ्यासाची चौकशी केली आणि गेले. घर जाणार याचं आम्हाला फारसं काही वाटलं नाही. आम्ही भाडेकरू, बिऱ्हाड पाठीवर घेऊनच जगणारे. बाबा लगेच कुणाकुणाला सांगून ठेवायच्या गोष्टी करू लागले आणि आई भांडी किती पोत्यांत मावतील याच्या.  तात्या ओट्यावरून अंगणातल्या आंब्याकडे बघत बसले होते.

तात्या म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. बिदरकडे आमची शेती होती, गाव होतं, आणि दोन्ही एका तलावाच्या पाण्याखाली गेली. बाबा त्याआधीच शहरात येऊन कुकटपल्लीच्या एका कारखान्यात लागले होते. तात्या मात्र शेवटचा माणूस उठेपर्यंत गावात राहिले आणि मग आमच्याकडे आले. येताना त्यांनी काय आणलं, तर उपरण्यात बांधलेल्या आंब्याच्या कोया. त्यांतली एक त्यांनी यादगिरी अण्णांच्या अंगणात लावली. भाड्याच्या अंगणात झाड लावणाऱ्या माणसाला शहाणा म्हणायचं की खुळा, हे आमच्या घरात कधीच ठरलं नाही. कोयीचं झाड आईच्या वळणावर जाईलच असं नसतं, बहुतेक वेळा ते भलतंच निघतं. पण हे गेलं. फळ लहान, वरून हिरवंच राहणारं, बाजारात कोणी ढुंकून बघणार नाही असं. पण पिकलं की त्याच्या रसाला बडीशेपेचा वास यायचा. आमच्या गावाकडे अशा आंब्याला शेप्या म्हणायचे. ज्वारीच्या पिठाची पातळ धिरडी आणि शेप्याचा रस, त्यावर तुपाची धार, हे आमचं वैशाखातलं जेवण. रस संपला की आई पातेल्यात धिरड्याचा तुकडा फिरवून तात्यांना द्यायची, आणि तात्या तो गावातल्या एकेकाचं नाव घेत खायचे. त्या नावांची माणसं कुठे पांगली होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तात्यांची उजवी बाजू गेली होती. वाचा परत आली, पाय ओढत का होईना चालू लागला, हात मात्र तसाच राहिला, कुशीत धरल्यासारखा. म्हणून झाड जाणार म्हटल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

“नंदे, कलम करायचं. मी सांगतो, तू कर.”

“मला नाही येत तात्या.”

“मला येतंय. पण हात तुझा पाहिजे, माय.”

आजच्या मुलांना हे समजावून सांगताना माझी दमछाक होते. माझ्या नातवाने विचारलं, दुसरी कोय का नाही लावली? लावता आली असती. घरात तेलाच्या डब्यांत कोयींची रोपं होतीही, तात्या दरवर्षी बाजारातल्या आंब्यांच्या कोया त्यांत खुपसायचे. पण शेप्याचा हंगाम कधीच सरला होता, आणि कोय लावून पुन्हा नशीब बघायला तात्यांच्याकडे आयुष्य उरलं नव्हतं. कलम केलं तरच झाड जसंच्या तसं पुढे जातं. खालचं रोप, ज्याला खुंट म्हणतात, त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, आणि आपल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. मग पट्टीने घट्ट आवळायचं. दोघांची साल सालीला भिडली तर जीव लागतो. सांगायला इतकंच आहे.

पहिल्यांदा मी आईच्या भाजीच्या सुरीने केलं. तात्या शेजारी बसून, डाव्या हाताच्या बोटाने हवेत रेघ काढून दाखवत होते. काप एका ओढीत आला पाहिजे, पुन्हा सुरी फिरवली की मेला. माझी सुरी अडत होती, मी ती रेटत होते, आणि काडीला काप नव्हे, चावा घेतल्यासारखं दिसत होतं. बाबांची दाढीची पाती आणली तर ती वाकली. बांधलेल्या सगळ्या काड्या आठवड्याच्या आत काळ्या पडल्या. बाबा म्हणाले, जाऊ द्या ना तात्या, आंबा काय बाजारात मिळत नाही? तात्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता.

“खरा चाकू पाहिजे,” तात्या मला म्हणाले. “अफझलगंजला मिळंल. मी येतो.”

आई नको नको म्हणत असतानाही आम्ही रिक्षा करून गेलो. तात्यांनी धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घातली होती, लग्नाला निघाल्यासारखी. रिक्षा हादरली की ते आपला निकामी हात दुसऱ्या हाताने धरत. अफझलगंजला दोरखंड, पंप, बी-बियाणं यांच्या दुकानांच्या ओळीत त्यांना आठवत असलेलं दुकान सापडलं नाही. तिथे आता प्लॅस्टिकच्या बादल्या टांगलेल्या होत्या. शेवटी एका अवजारांच्या दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते, त्यांच्यापुढे आम्ही उभे राहिलो.

“क्या होना?”

“कलम करायचा चाकू,” तात्या म्हणाले. “मिटणारा. चांगला.”

चाचांनी आधी माझ्याकडे बघून एक शोभेचा चाकू काढला. पितळी मूठ, त्यावर मोराची नक्षी, बटण दाबलं की पातं फटकन बाहेर. मला तो फार आवडला. तात्यांनी पातं दोन बोटांत धरून हलवलं. ते मुळाशी डुगडुगलं.

“हे दाखवायला,” ते म्हणाले. “भांडणात काढायला. कामाचा द्या.”

मग चाचांना माणूस कळला. त्यांनी गल्ल्यामागचं कपाट उघडलं आणि फडक्यात गुंडाळलेले चाकू एकेक करून पुढे मांडले. त्यानंतरचा वेळ, खोटं कशाला बोलू, माझ्या तरुणपणातल्या सुखाच्या वेळांपैकी एक आहे. तात्यांनी मला प्रत्येक चाकू उघडायला लावला, मिटायला लावला. उघडताना नखाला किती जोर लागतो बघ. शेवटी खट् असा आवाज आला पाहिजे, आणि पातं मग जागचं हलता कामा नये. मिटलेला चाकू उजेडासमोर धर, पात्याच्या दोन्ही बाजूंनी सारखी फट दिसली पाहिजे. एक चाकू आरशासारखा चकचकीत होता; चाचा म्हणाले, गंज नहीं लगता इसको. तात्या म्हणाले, धारही लवकर लागत नाही. त्यांना साधं पोलाद हवं होतं, जे काळं पडतं, पुसून तेल लावून ठेवावं लागतं, पण दगडावर थोडं फिरवलं की केस कापतं. असा एक निघाला. शिसवी मूठ, सरळ पातं, त्यावर कसलंही नाव नाही. चाचांनी जुनं वर्तमानपत्र उभं धरलं आणि मी पातं ओढलं, तर कागद फाटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पण मग तात्यांनी मला त्यांच्या हातातल्या काठीवर काप घ्यायला सांगितलं, आणि पातं दर वेळी आत आत घुसायला लागलं.

“अरे, डावखुरी हाय की ही!” तात्या स्वतःवरच चिडले.

कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट, आणि ती उजव्या हाताच्या माणसासाठी. लहानपणी आईने माझा डावा हात बांधून ठेवायचाच बाकी ठेवला होता, तरी ती सवय गेली नव्हती. मला वाटलं, संपलं. चाचा मात्र हसले. “कैकू घबराते बेटी? अल्लाह मियाँ ने दिया सो हाथ है.” ते आत गेले, बराच वेळ खुडबुड करत राहिले, आणि तसलाच दुसरा चाकू घेऊन आले. याला दोन्ही बाजूंनी धार काढलेली होती. तोही साध्या पोलादाचा, तसाच खट् करणारा, मूठ थोडी लहान. माझ्या मुठीत तो मापाने केल्यासारखा बसला. तात्यांनी मान हलवली. दुकानातून निघताना त्यांनी चाकू माझ्या हातात दिला नाही, फळीवर ठेवला, मग मी उचलला. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, भांडण लागतं, असं आमच्याकडे पाळतात. घरी येताना तात्या रिक्षात झोपी गेले. मी चाकू सारखा उघडत-मिटत होते, आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

हे लिहिताना तो समोर आहे. पातं काळंनिळं झालंय. माझी सून त्याने दारात येणारी खोकी फोडते, आणि दर वेळी म्हणते, आई, हा चाकू भारी आहे हो. मी हो म्हणते.

चाकू आणला तेव्हा नवरात्र चालू होतं. त्याआधीच तात्यांनी झाडावरच्या चांगल्या काड्या निवडून त्यांची पानं देठ ठेवून छाटायला लावली होती. असं केलं की काडीच्या टोकाचा डोळा फुगतो, आणि फुगलेला डोळाच लागतो. रोज सकाळी मी शिडीवर चढून बघायचे आणि खाली ओरडून सांगायचे, आणि तात्या म्हणायचे, अजून नाही. अष्टमीच्या संध्याकाळी वस्तीतल्या तेलुगू बायका फुलांचे मनोरे, म्हणजे बतुकम्मा, रचून टाळ्या वाजवत गाणी म्हणत फिरत होत्या, गुनुगु आणि झेंडूच्या फुलांचा वास गल्लीभर होता. त्यांच्या दिव्यांच्या उजेडात तात्यांनी पुन्हा विचारलं आणि मी सांगितलं, फुगतायत. “उद्या तयार होतील,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला बसतं. आईची विळी, बाबांचे पाने, कात्री, तात्यांचा गावाहून आणलेला बिनमुठीचा विळा, माझी कंपासपेटीसुद्धा. सगळं धुऊन, हळदकुंकू लावून देवापुढे पाटावर मांडायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. हत्यारालाही विसावा असतो. तात्यांनी पहाटेच नवा चाकू मागून घेतला आणि डाव्या हाताने पाटाच्या मधोमध ठेवला. मी शिडीवरून उतरून सांगत आले, “तात्या, डोळे तयार आहेत,” तेव्हा चाकूवर झेंडूचं फूल होतं.

“उद्या,” तात्या म्हणाले. “शिलंगण करू, पूजा उठली की पहिली काडी.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आई देवाधर्माचं सगळं करणारी, पण त्या दिवशी तीच म्हणाली, “उचला ना तात्या. झाडाचं काम आहे. देवी काही रागवत नाही.”

“कोरं हत्यार हाय. पयल्या पूजेतनं उचलून त्याचं पयलं काम करायचं? मग ते काम टिकंल का?”

“आणि बिल्डरची माणसं आली म्हणजे?”

“कोण येतंय आज?” तात्यांनी विचारलं. “कुऱ्हाडवाल्याची कुऱ्हाड पूजेत, करवतवाल्याची करवत पूजेत. उद्या दुपारपर्यंत या मुलखात कोणाचं हत्यार उठणार नाही.”

हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की आईसुद्धा आत वळली. आणि ते खोटंही नव्हतं. त्या दिवशी कारखान्याचा भोंगा वाजला नाही. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने यंत्राला हार घातला होता. वस्तीत कुठे खिळा ठोकल्याचा आवाज नव्हता. मी संध्याकाळभर झाडाखाली रोपांचे डबे मापाप्रमाणे लावत बसले, बारीक काडीला बारीक खुंट, जाड काडीला जाड. तात्या ओट्यावरून सांगत होते. आम्हाला दोघांनाही दुसरी गोष्ट सुचली नाही, आणि ती सुचायला काही फार अक्कल लागत नव्हती. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. हत्यारं निजवायचा दिवस संपला की नवीन काम काढायचा दिवस येतो. तात्यांनी जन्मभर दसऱ्याला रब्बीच्या पेरणीची सुरुवात केली होती, तरी बिल्डरलाही पंचांग असतं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी आई पुरण वाटत होती. घरभर वेलदोड्याचा वास होता आणि बाबा आंघोळीला गेले होते. फाटकातून बुलडोझर आला. त्याच्या पुढच्या पात्याला हळदीचे पट्टे ओढलेले होते, वर झेंडूचा जाड हार, आणि चाकांच्या पट्ट्यांखाली लिंबं. मागे यादगिरी अण्णा नव्या धोतरात, आणि बिल्डरची माणसं नारळ घेऊन. त्यांनी कापूर लावला, कुंकू भरलेला कोहळा ओवाळून जमिनीवर फोडला. तात्या ओट्यावरून कौतुकाने बघत होते. “पूजा करून जातील,” ते मला म्हणाले. मग इंजिन सुरू झालं.

“अण्णा! आज नको!” तात्या काठी टेकत उठले. “उद्या करा! एक दिवस!”

“मुहूर्तम् आजका है ना, तात्या,” यादगिरी अण्णा कळवळून म्हणाले. “मेरे हाथ में क्या है? शुभ काम आजच चालू करते.”

तात्या माझ्याकडे वळून ओरडले, “चाकू आण!” पूजा उठायची होती अजून. मी आत धावले, फूल बाजूला सारलं, कुंकवाने माखलेला चाकू घेतला आणि बाहेर आले, तोवर आंबा कलला होता. झाड पडतं तेव्हा मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. मुळं आधी कटकट तुटत राहिली, मग सगळी पानं एकदम सळसळली आणि झाड आडवं झालं. ते नेमकं माझ्या डब्यांवर पडलं. पत्रा चेपला, रोपं मोडली, आणि मागे घेताना यंत्राची पट्टी उरलेल्यांवरून गेली. ड्रायव्हरने मला चाकू घेऊन फांद्यांत शिरताना बघितलं आणि इंजिन बंद केलं. “लेलो अम्मा, जो होना लेलो,” तो म्हणाला. मी रडत रडत काड्या कापल्या. चाकू इतका सुरेख चालत होता की मला त्याचा राग आला.

काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बाबा, तेच बाबा, एका रोपवाटिकेतून आंब्याची रोपं घेऊन आले. खुंट जाड होते आणि काड्या बारीक. दोन्ही बाजूंची साल काही जुळेना. पण तात्या सांगत गेले, मी बांधत गेले. पुरणपोळ्या तशाच शिळ्या झाल्या होत्या, त्या आम्ही काम करताना कोरड्याच खाल्ल्या. महिना संपायच्या आत आम्ही एका दुमजली घराच्या वरच्या भागात राहायला गेलो, आणि रोपं गच्चीवर गेली. नीट बांधलेलं कलम मरतं ते लगेच कळत नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. काडी हिरवी राहते, तुम्ही रोज पाणी घालता, आणि एक दिवस नखाने साल खरवडली तर आत सगळं तपकिरी. एकेक करून सगळी गेली.

मग एकाला पालवी फुटली. आईला आधी दिसली. तांबूस, कोवळी, लोंबणारी पानं. तिने हळदकुंकू आणलं, कुंडीला बोटं लावली, शेजारणीला बोलावून दाखवलं. बाबांनी तात्यांना पाठुंगळी मारून जिना चढवून आणलं, आणि तात्यांना पाठीवर घेतलेले बाबा मी तेवढ्या एकदाच बघितले. तात्यांना कुंडीजवळ बसवलं. त्यांनी एकेक पान बोटाने उचलून बघितलं. मग त्यांनी बोट खाली नेलं.

“कुठनं फुटलंय, बघ.”

मी वाकून बघितलं. पट्टीच्या खालून फुटलं होतं. ते खुंटाचं होतं, कुठल्या तरी रोपवाटिकेतल्या, कुठल्या तरी कोयीचं. वरची आमची काडी सरळ उभी होती आणि वाळली होती.

“तोड,” तात्या म्हणाले. “ह्ये वाढलं तर वरच्याला काही मिळत नाही.”

“वरचं गेलंय तात्या.” हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. “हे तरी हिरवं आहे.”

“हिरवं हाय. आपलं नाही.”

आई म्हणाली, राहू दे की हो, सावली तरी देईल.  मी चाकू उघडला, पालवी बोटांत धरली आणि एका ओढीत काप घेतला. पानं गच्चीवर पडली. तात्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्या कापावरून फिरवला. कुठे धागा नव्हता, कुठे कंगोरा नव्हता, साल कुठे सुटली नव्हती.

“आता हात बसला तुझा,” ते म्हणाले.

आणि मग, शेजारीण तिथे उभी होती तरी, ते रडले.